एका बोल्टाची मोकळीक

नाटकात टायमिंग असतं, क्रिकेटमध्ये असतं, सकाळची ८:१७ पकडण्यात तर असतंच असतं. पण ज्यांच्या घरी कधीकाळी फिएट किंवा ॲम्बॅसडर होती त्यांना 'टायमिंग' म्हटलं की आणखी एक चित्र आठवेल. बॉनेट उघडं, मेकॅनिक आत वाकलेला, एक हात इंजिनाला खोचलेल्या काळ्या टोपीच्या डब्यावर, आणि मान तिरकी करून कान इंजिनाकडे. तो डबा म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. आजची पोस्ट त्याच्यावर. गाड्यांत अजिबात रस नसलेल्यांनीही (आत्या, हे तुला!) शेवटपर्यंत वाचावं, कारण मुद्दा फक्त गाडीचा नाही.

आधी थोडं शास्त्र. पेट्रोल इंजिनात पिस्टन पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. पण पेटायला वेळ लागतो, फार नाही, एक-दोन मिलिसेकंद. आता इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एक फेरा २० मिलिसेकंदांचा झाला. म्हणजे २ मिलिसेकंदांत क्रँक चक्क ३६ अंश पुढे गेलेला असतो! म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. फार आधी पडली तर इंजिन 'नॉक' मारतं, उशिरा पडली तर गाडी ओढत नाही आणि तापते. किती आधी, एवढाच काय तो प्रश्न. आणि मला गंमत वाटते ती या प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं कशी बदलत गेली याची.

सुरुवातीला उत्तर ड्रायव्हर द्यायचा. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला त्यासाठी एक दांडी होती. सुरू करताना ठिणगी उशिरा ठेवायची, वेग आला की दांडी सरकवून आधी आणायची. हँडल मारताना दांडी चुकीच्या जागी राहिली तर हँडल उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं. तेव्हा गाडी चालवणं म्हणजे अर्ध मेकॅनिक असणंच होतं.

अमेरिकेतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. आद्याक्षरं जुळवून झालं डेल्को. त्यांची बॅटरी आणि कॉइलवर चालणारी इग्निशन १९१०च्या कॅडिलॅकवर आली, आणि १९१२च्या कॅडिलॅकवर केटरिंगचाच इलेक्ट्रिक स्टार्टर आला. हँडल सुटलं, मनगटं वाचली. हे नाव इतकं रुळलं की स्पॅनिश भाषेत डिस्ट्रिब्यूटरला आजही 'डेल्को' म्हणतात.

डिस्ट्रिब्यूटरच्या आत सीबी पॉइंट असतात. ते उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात, मधला रोटर ते टोपीतल्या योग्य तारेकडे नेतो आणि तिथून प्लगकडे. पुढे त्यातच स्प्रिंगला बांधलेली दोन वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आधी पडते. इंजिनावर भार किती आहे हे ओळखणारी व्हॅक्यूमची डबीही आली. स्टिअरिंगवरची दांडी गेली. ड्रायव्हरचं काम या लोखंडी डब्यानं घेतलं.

पण सगळं नाही! डबा मुळात कुठल्या कोनात बसवायचा हे माणसानंच ठरवायचं होतं. हे मी आमच्या काकांच्या प्रीमियर पद्मिनीवर डोळ्यांनी पाहिलं आहे.

मेकॅनिकनं एक नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि पोऱ्याला हँडल हळू फिरवायला लावलं. अंगठ्याला हवेचा जोर लागला, म्हणजे पिस्टन दाब देत वर येतोय. हे पाहिलं नाही तर डिस्ट्रिब्यूटर बरोबर अर्धा फेरा उलटा बसतो आणि गाडी सुरू व्हायच्या ऐवजी कार्बोरेटरमधून फटाके फोडते. मग पुलीवरची खूण कव्हरवरच्या खुणेसमोर आणली. रोटर एक नंबरच्या तारेकडे बघेल असा डिस्ट्रिब्यूटर आत सोडला. फिलर गेजनं पॉइंटचा गॅप लावला, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा कमी. कॉइलच्या तारेला आणि बॉडीला टेस्ट लॅम्प जोडला, चावी ऑन केली आणि डबा रोटरच्या उलट दिशेला केसभर केसभर फिरवला. लॅम्प लागला त्या क्षणी थांबला, कारण पॉइंट तिथे उघडले. बोल्ट आवळला. तारा १-३-४-२ या क्रमानं. गाडी सुरू.

पण खरं काम त्यानंतर होतं. काकांना घेऊन तो चढाच्या रस्त्यावर गेला, वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबला आणि कान दिला. "काका, जरा किणकिणली आणि लगेच गप्प झाली ना? आता बरोबर." परत येऊन त्यानं बोल्टाला शेवटचा पीळ दिला.

तो एक बोल्ट मला फार महत्त्वाचा वाटतो. पद्मिनी मुळात इटलीची फिएट ११००. इथे १९६४पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तिचं 'डिलाइट' मॉडेल निघू लागलं आणि सत्तरच्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. पण तिला पाजलं जाणारं पेट्रोल इटलीचं नव्हतं. त्यात रॉकेलची भेसळ असली की ती नॉक मारायची. मग मेकॅनिक बोल्ट सैल करून ठिणगी थोडी उशिरा करायचा. २०००च्या सुमारास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. हा वायू सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी आधी लागते. पुन्हा तोच बोल्ट, फक्त दिशा उलटी. परक्या हवेत बनवलेलं यंत्र इथल्या हवेला, इथल्या चढांना आणि इथल्या लबाडीलाही जुळवून घ्यायची जागा म्हणजे तो बोल्ट. ही जुळवाजुळव पुस्तकातून कुणी शिकवत नव्हतं. हँडल फिरवणारा पोऱ्या बघत बघत शिकायचा.

आता हे काम इंजिनाचा कॉम्प्युटर करतो. नॉक झाला की सेन्सर ऐकतो आणि पुढची ठिणगी लगेच सरकवतो. मी उगाच गळा काढणार नाही. हे काम तो मेकॅनिकच्या कानापेक्षा कितीतरी अचूक करतो, पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो. आणि डिस्ट्रिब्यूटरनं तरी दुसरं काय केलं होतं? ड्रायव्हरच्या हातातली दांडी काढूनच घेतली होती ना!

फरक आहे तो एवढाच: दांडी गेली तेव्हा निर्णय ड्रायव्हरकडून गल्लीतल्या गॅरेजकडे आला होता. या वेळी तो गल्लीत आलाच नाही, बंद डब्यात गेला.

मुंबईत वीस वर्षांच्या मर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. बातम्यांत सगळे गाडीबद्दल हळहळले. मला मात्र त्या टॅक्सींवर जगणारी गॅरेजं आठवत होती. हौशी लोक चार-दोन गाड्या चकाचक जपतील, त्यांना माझा सलामच. पण चार-दोन गाड्यांवर पॉइंट आणि रोटर विकणाऱ्याचं दुकान चालत नाही, आणि पोऱ्याचा कान तर तयार होतच नाही. त्याला रोज दहा बिघडलेल्या गाड्या ऐकाव्या लागतात. वस्तू जपता येते हो, पण तिच्याबरोबरचं शहाणपण वापराच्या गर्दीतच जगतं.

असो. तुमच्या घरच्या फिएटला कान देणारा असा कुणी माणूस होता का? असेल आणि तुमच्या गावात असेल, तर एकदा जाऊन त्याच्याशी बोला. जमलं तर लिहून काढा.