फोर्स्कोलिन

फोर्स्कोलिन : कोलिअस फोर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांतून मिळणारे, रक्तदाब उतरवणारे आणि हृदयाचे आकुंचन जोरकस करणारे द्रव्य. मुंबईच्या मुलुंड उपनगरातील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींची पद्धतशीर तपासणी चालू असताना ते हाती आले. एस. व्ही. भट, एन. जे. डिसूझा व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्याची रासायनिक रचना प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनेही याच वनस्पतीवर काम करून ‘कोलिओनॉल’ नावाचे द्रव्य वेगळे केले होते.

वनस्पती : तुळशीच्या कुळातील ही सुगंधी, बहुवर्षायू वनस्पती कोरड्या डोंगरउतारांवर वाढते. फुले निळसर जांभळी, मुळे जाड व मांसल. गुजरातीत तिला ‘गरमर’ म्हणतात. मुळांचे लोणचे घालतात. सुक्या मुळांत फोर्स्कोलिन साधारण ०.१ ते ०.५ टक्के असते. जातिनाम पेहर फोर्स्कोल (१७३२–६३) या निसर्गशास्त्रज्ञावरून पडले.

कार्य : फोर्स्कोलिन पेशीपटलातील अॅडिनिलेट सायक्लेज या विकराला थेट चेतवते. त्यामुळे पेशीत चक्रीय एएमपी हे संदेशवाहक द्रव्य वाढते. रक्तवाहिन्यांचे स्नायू सैलावतात, हृदयाचे स्नायू मात्र अधिक जोराने आकसतात. सीमन, पॅजेट व डेली यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत ही क्रिया उलगडली. तेव्हापासून जगभरच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळांत ते नित्याचे साधन झाले. रक्तदाब उतरवणाऱ्या सर्पगंधा या दुसऱ्या औषधी वनस्पतीची वाट मात्र वेगळी आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरील परिणाम जगापुढे मांडला. तिच्यातील रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरअॅड्रेनॅलिनचा साठा रिता करते.

उपयोग व मर्यादा : फोर्स्कोलिन पाण्यात फारसे विरघळत नाही आणि पोटातून पुरेसे शोषले जात नाही. म्हणून त्यापासून पाण्यात विरघळणारे कोलफोर्सिन डॅरोपेट तयार झाले. जपानमध्ये तीव्र हृदयनिष्फलतेवर ते शिरेतून देतात. रक्तदाबाची नेहमीची गोळी म्हणून फोर्स्कोलिन रूढ झाले नाही. मुळांच्या चूर्णात द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत ते घेतल्यास रक्तदाब फार उतरण्याचा वा रक्तस्रावाचा धोका संभवतो. चालू औषध सोडून हे चूर्ण घेऊ नये.

संवर्धन : औषधी भाग मुळांत असल्याने काढणी म्हणजे रोप उपटणेच. रानातील साठा टिकवायचा तर मागणी शेतीतून भागली पाहिजे. कर्नाटक व तमिळनाडूत तिची लागवड होते.