गादीतल्या आगीचा मागोवा

कापसाची आग कशी असते, हे वर्धा जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात गंजीला ठिणगी लागली, की पाणी मारून वरच्या ज्वाळा विझतात. आत मात्र कापूस धुमसत राहतो. गंजी उपसून पसरल्याशिवाय सुटका नाही. कापड पेटू नये म्हणून त्याला औषध देण्याची धडपडही जुनीच आहे, आणि आज आईच्या दुधात सापडणाऱ्या अग्निरोधक रसायनांचं मूळ त्या धडपडीत आहे.

1821 साली फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांनी अमोनियमचे क्षार आणि टाकणखार वापरून नाटकगृहाचे पडदे सहज न पेटणारे केले. हे क्षार धुतले की जात. पुढे इंग्लंडमध्ये लवीच्या सुती कापडाचे झगे शेगडीजवळ पेटून मुलं भाजू लागली, तेव्हा 1912 च्या सुमारास धाकट्या पर्किन यांनी कथिलाचं संयुग धाग्यात मुरवून धुण्यात टिकणारा उपाय काढला. इथवर हेतू स्वच्छ होता, तो मुलं वाचवण्याचा.

आपली गादी या सगळ्यापासून लांब होती. दारात पिंजारी यायचा, धनुकलीची तात टणत्कारायची, दबलेली रुई फुलून अंगणभर उडायची आणि त्याच खोळीत पुन्हा भरली जायची. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम चालायचं, तेव्हा पिंजाई हा खादीचा पाया मानला जाई.

1937 साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधलं आणि पुढच्या काही दशकांत गादीत कापसाऐवजी फोम आला. फोम धुमसत बसत नाही, भडकतो. म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं मिसळली. उष्णता लागली की ब्रोमीन सुटतं आणि ज्वाळेची साखळी तोडतं. पण यातली बरीच संयुगं फोमला बांधलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. जुन्या उशीची कड बोटांनी चोळून बघा, पिवळा भुगा हातात येतो. जिथे असा फोम वापरला गेला, तिथे हाच भुगा धुळीत मिसळला, आणि रांगणाऱ्या बाळाची बोटं धुळीतून थेट तोंडात जातात.

ही रसायनं शरीरात कशी मुरतात, हे जगाला पहिल्यांदा गोठ्यात दिसलं. 1973 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका कारखान्यातून खुराकाच्या पूरकाऐवजी ब्रोमीनयुक्त अग्निरोधकाची पोती पशुखाद्यात गेली. गाईंचं दूध आटलं, खूर वेडेवाकडे वाढले, गाभ पडले. आर्वी-कारंज्याकडे गवळाऊ गाई पाळणाऱ्याला यातली कळ समजावून सांगावी लागणार नाही. सुमारे 30,000 गुरं आणि 15 लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तोवर ते दूध लोक प्यायले होते. हे विष पाण्यात नाही, चरबीत विरघळतं. लघवीवाटे निघून जात नाही, वर्षानुवर्षं साठतं आणि दुधावाटे पुढच्या पिढीत उतरतं.

तरी त्याच कुळातली, पीबीडीई नावाची अग्निरोधक भावंडं जगभर वापरली गेली. 1972 ते 1997 या काळात स्वीडनमधल्या मातांच्या दुधात त्यांचं प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं. त्यांची रचना थायरॉइडच्या संप्रेरकासारखी असल्याने ती त्याच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि गर्भातल्या मेंदूची वाढ त्याच संप्रेरकावर अवलंबून असते. माझ्या मते मिशिगननंतर हा वंश पुढे वाढू देणं ही चूक नव्हती, गुन्हा होता.

2009 साली टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात यातली काही संयुगं बंदीच्या यादीत आली. भारताने 2020 मध्ये त्यांच्यावरच्या बंदीला मान्यता दिली. पण बंदीआधीचे टीव्ही, संगणक अजून माळ्यावर आहेत, आणि त्यांच्या प्लास्टिकच्या खोक्यांत हीच रसायनं वापरली जात.

म्हणून एवढं करा. ती खोकी उघड्यावर जाळू नका. जाळली तर त्यातून डायॉक्सिनसारखी आणखी घातक विषं निघतात. ई-कचरा अधिकृत संकलकालाच द्या. फोम भुगा होऊ लागला असेल तर ती उशी घरातून काढा. आणि घरात रांगतं मूल असेल तर कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसा, आणि भरवण्याआधी त्याचे हात धुवा.