दारावरची कडुलिंबाची डहाळी

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच थँक्सगिव्हिंग येते, पाठोपाठ नाताळ. कुणी डॅलसहून येणार असते, कुणी सिअ‍ॅटलहून. एखाद्या घरी भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. आणि नेमका आदल्या रात्री कुणाच्या तरी मुलाला खोकला सुरू होतो. फोन येतो, "आम्ही येऊ ना?" आणि आपण म्हणतो, "अहो, साधी सर्दी आहे, या की!" आज त्या "या की"बद्दल बोलू. त्यासाठी १९१८ सालात जावे लागेल.

त्या वर्षी जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेल्या सात पोलीस शिपायांना तापामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. महायुद्धाचे दिवस होते, सैनिकांची जहाजे ये-जा करत होती, आणि त्यांच्यासोबत इन्फ्लुएंझा किनाऱ्याला लागला होता. पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती मात्र जीवघेणी होती, आणि रेल्वेने ती गावोगाव नेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते. ६ ऑक्टोबरला, ऐन नवरात्राच्या दिवसांत, एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावली. भारतात या साथीने सव्वा कोटी ते दोन कोटी बळी घेतले असा अंदाज आहे. जनगणनेत लोकसंख्या घटलेली दिसते असे दशक एकच, १९११ ते १९२१.

त्याच हिवाळ्यात इकडे, आपल्या बे एरियात, काय चालले होते? सॅन फ्रान्सिस्कोने ऑक्टोबरच्या अखेरीस मास्क सक्तीचा केला. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले, आणि मास्क लावूनच लोक रस्त्यावर नाचले. रुग्ण कमी झाले, नाटकगृहे उघडली. २१ नोव्हेंबरला भर दुपारी बारा वाजता शहरभर भोंगे वाजले आणि लोकांनी मास्क काढून रस्त्यात फेकले. बरोबर एका आठवड्याने थँक्सगिव्हिंग होते.

ते मास्क विरळ जाळीच्या कापडाचे होते. त्यांनी साथ कितपत अडवली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण भोंग्याबरोबर लोकांचा सावधपणाही उतरला, एवढे खरे. डिसेंबरात रुग्ण पुन्हा वाढले आणि जानेवारीत सक्ती परत आणावी लागली. त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. चार वर्षांच्या युद्धानंतर घरची माणसे एकत्र आली होती. त्यांना "तू आज येऊ नकोस" असे कोण म्हणणार?

हाच प्रश्न आपल्याकडच्या जुन्या घरांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. घरात कुणाला देवी, गोवर किंवा कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाची डहाळी लावत. त्यामागे देवीची श्रद्धा होती, जंतूंचे ज्ञान नव्हते. पण ती डहाळी दिसली की पाहुणा उंबऱ्यापासूनच परत फिरे. आत कुणाला "येऊ नका" म्हणावे लागत नसे, आणि बाहेरच्यालाही अपमान वाटत नसे. तुमच्यापैकी काहींनी आजीच्या तोंडून हे ऐकले असेल, काहींनी स्वतः पाहिले असेल.

परदेशात आपल्या दारावर ती डहाळी नाही. इथे येणारा सहा तास गाडी चालवून येतो, विमानाचे तिकीट काढून येतो. म्हणून तो खोकला लपवतो, आणि आपणही ऐकून न ऐकल्यासारखे करतो. फ्लूची लागण तर लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून होऊ शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. भोवतालच्या माणसांनी ती घेणे हेच त्याचे संरक्षण. लस घेतल्यावर तिचा पुरता परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे ती फराळाच्या तयारीबरोबरच घ्यायला हवी. आणि भारतातून आलेल्या आजोबांना न्यूमोनिया झाला, तर पाहुण्यांच्या विम्यावर इथल्या रुग्णालयाचा खर्च कसा निभावतो, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे.

तेव्हा यंदा आमंत्रणाच्या निरोपातच यजमानांनी दोन ओळी जास्त लिहाव्यात: "कुणाला बरे नसेल तर निःसंकोच कळवा. रागावणार नाही, तुमचा डबा दारात ठेवून जाऊ." पहिल्यांदा हे यजमानानेच म्हणायला हवे, पाहुण्याला ते जड जाते. जे येतील त्यांच्यासाठी खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, हवा बरी असेल तर पंगत अंगणात मांडा. आल्याआल्या साबणाने हात धुवायला सांगा. आपल्याकडे बाहेरून आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी देत असतच की. आणि बाळाला घेण्याआधी त्याच्या आईला विचारा.

जो आला नाही, त्याला त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर घ्या आणि घरातल्या सर्वात मोठ्या माणसाने त्याला सांगावे, "आला नाहीस, बरे केलेस." तेवढे ऐकले की पुढच्या वर्षी तो खोकला लपवणार नाही.

सणाच्या शुभेच्छा. तब्येतीला जपा. पुन्हा भेटू, पुढच्या रविवारी.