सोलापुरी टॉवेल आणि सरकारचा हात

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकले की आमची आई कपाटातून कोरा टॉवेल काढून हाती देत असे. कपडे एखाद्या वर्षी नवे नसले तरी चालावयाचे, टॉवेल मात्र कोराच हवा. सोलापुरात राहून दिवाळीला जुन्या टॉवेलाने अंग पुसणे म्हणजे कोकणात राहून नारळासाठी हात पसरण्यासारखे, असे तिचे मत होते.

आमच्या शेजारी अण्णांचा टॉवेलांचा लहानसा कारखाना आहे. आमच्या पूर्व भागातल्या पुष्कळ पद्मशाली घरांप्रमाणे त्यांचेही पूर्वज तेलंगणातून माग घेऊन येथे आले. हातमाग गेले, यंत्रमाग आले, खटखट तेवढी कायम राहिली. गेल्या दिवाळीच्या सुमारास अण्णांचा चेहरा उतरलेला दिसला, म्हणून विचारले, "काय अण्णा, ऑर्डर नाही का?"

"ऑर्डर गेली की, सर. माल बोटीत चढूनसुद्धा किती दिवस झाले! सरकारकडचा परतावा यायचाय. तोपर्यंत सूतवाल्याला काय सांगू?"

तेथे बसलेला माझा पुतण्या पटकन म्हणाला, "म्हणजे परदेशी माल धाडल्याबद्दल सरकार तुम्हाला बक्षीस देते होय?" अण्णा काही बोलले नाहीत. मी मात्र त्याला बाजूला बसवून घेतले. इतिहास शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या तावडीत सापडल्यावर सुटका कठीणच! त्या दिवशी त्याला सांगितले तेच येथे लिहितो.

मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आमच्या गावची 'जुनी मिल', १८७७ साली सुरू झाली. रेल्वे आलेली होती, भोवतालच्या मुलखात कापूस होता, आणि दुष्काळाने पोळलेली माणसे कामासाठी शहराकडे येत होती. गिरणीच्या भोंग्यावर गाव उठू लागले. तिकडे मुंबईच्या गिरण्यांचे सूत गलबते भरभरून चीनला जात होते. हा धंदा असाच फोफावत गेला असता, तर काय झाले असते कोण जाणे!

पण लँकेशायरच्या गिरणीमालकांना हे बघवेना. १८९४ साली पैशाची चणचण भासल्यामुळे हिंदुस्थान सरकारला आयात मालावर जकात बसवावी लागली. विलायती कापडावर जकात बसली तर देशी कापडाला त्याचा फायदा होईल, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस देशी गिरण्यांच्या वीस नंबरावरील सुतावरही पाच टक्के कर लादण्यात आला. एवढ्यानेही लँकेशायरचे समाधान झाले नाही. १८९६ साली विलायती कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर उतरविली, आणि देशी गिरणीत विणलेल्या प्रत्येक कापडावर, मग ते कितीही जाडेभरडे असो, तेवढाच साडेतीन टक्के कर बसविला. जाडे कापड लँकेशायर विणीतच नव्हते, तेव्हा स्पर्धेचा प्रश्नच नव्हता. तरी कुणब्याच्या धोतरावर कर बसला! हातमाग तेवढे सुटले. त्या वर्षी आपल्या इलाख्यात विलायती कापडावर बहिष्काराची जी हाक उठली, टिळकांनी जी उचलून धरली, तिचे मूळ या करात होते.

आता याच दोन वर्षांत जपानात काय चालले होते ते पाहा. १८९४ साली जपान सरकारने आपल्या सुतावरचा निर्यात कर उठविला. १८९६ साली परदेशातून येणाऱ्या कापसावरचा आयात करही उठविला. त्यापूर्वीच, १८९३ मध्ये, मुंबई ते जपान अशी जपानी कंपनीच्या बोटींची फेरी सुरू झाली होती, आणि त्या कामी आपल्या जमशेटजी टाटांचाही हात होता. म्हणजे कापूस आपला, बोट त्यांची, गिरणी त्यांची, आणि कर कोणाचाच नाही. १८९७ साली जपानच्या सुताची निर्यात त्याच्या आयातीहून अधिक झाली, आणि पुढे चीनच्या बाजारातून आपले सूत मागे मागे हटत गेले. याला अन्य कारणेही होती. १८९३ मध्ये चांदीची मुक्त टांकसाळ बंद झाल्यामुळे रुपया महागला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. तरीही एक सरकार आपल्या सूतकात्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवीत होते, दुसरे त्याच वर्षी चढवीत होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. तो कर १९२५ च्या डिसेंबरात थांबला आणि पुढच्या वर्षी रद्द झाला. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे तो चालला.

पुतण्या म्हणाला, "पण आता तर आपले सरकार आहे."

खरे आहे. १९५४ साली सुती कापडाच्या निर्यातीसाठी परिषद स्थापन झाली, १९५७ साली निर्यातीचा विमा उतरविणारे महामंडळ निघाले. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या पंच्याहत्तराव्या कलमाने निर्यात मालात मुरलेली जकात परत देण्याची तरतूद केली. अण्णांच्या टॉवेलाचे पाहा. मागाला वीज लागते, तिच्यावर शुल्क. माल बंदराकडे नेणाऱ्या ट्रकच्या डिझेलवर कर. हे कर भारतीय माणसाने भारतात भरावेत हे रास्तच. पण जर्मनीत अंग पुसणाऱ्याने आपल्या सरकारचा वीजकर का भरावा? तो भरणार नाही, दुसऱ्या देशाचा टॉवेल घेईल. म्हणून २०१९ साली कपडे आणि टॉवेल-चादरींसारख्या मालावरचे असे राज्य व केंद्राचे कर परत देण्याची योजना आली. ते बक्षीस नव्हे. आपलेच पैसे आपल्याला मिळतात.

हा भेद जगानेही मानला आहे. त्याच २०१९ साली अमेरिकेच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनी आपल्या कित्येक निर्यात-सवलतींविरुद्ध निकाल दिला. निर्यात केली म्हणून वर काही देणे नियमात बसत नाही, भरलेला कर परत करणे बसते. मला स्वतःला हा निकाल फारसा कडू वाटला नाही. खिरापतीची सवय लागलेला धंदा खिरापत थांबली की आडवा होतो.

दक्षिण कोरियाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९६४ मध्ये त्या देशाची वर्षाची निर्यात पहिल्यांदा दहा कोटी डॉलरवर गेली, आणि तो दिवस त्यांनी सणासारखा साजरा केला. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः दरमहा निर्यातीची बैठक घेत. स्वस्त कर्ज मिळे, पण ठरलेला माल बाहेर गेला नाही तर जाबही द्यावा लागे. त्या राजवटीत स्वातंत्र्याची गळचेपी झाली, ती मला मुळीच नको. पण 'दिले त्याचे काय झाले' हे विचारायला हुकूमशाही लागत नाही.

आणि निर्यात नसली तर काय होते हे आपण १९९१ साली अनुभवले. परकीय चलन इतके आटले की रिझर्व्ह बँकेचे सुमारे सत्तेचाळीस टन सोने विलायतेस गहाण ठेवावे लागले. घरातली पाटली सावकाराकडे जाते तेव्हा आईचा चेहरा कसा होतो, ते ज्याने पाहिले आहे त्याला परकीय चलन म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. अण्णांच्या एका खोक्यामागे कापूस पिकविणारा आहे, सूतगिरणी आहे, रंगारी आहे, मागावर दोन बीम सांभाळणारा कामगार आहे, कडा शिवणाऱ्या बाया आहेत. डॉलर येतो तो इतक्या हातांतून वाटत वाटत.

वाटत येतो, असे म्हणावयाचे. पण खालच्या हातात किती उतरतो? परतावा हुंडीच्या रूपाने येतो. मोठा कारखानदार तिची वाट पाहू शकतो. लहान माणसाला रोकड हवी असते, म्हणून तो ती बट्ट्याने विकतो, आणि मजुरीचा दर तेवढ्यात बसवतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावरची जकात पन्नास टक्क्यांवर नेली, तेव्हा ही ओढाताण आणखी वाढली. साडेतीन टक्क्यांसाठी आमचे आजे भांडले होते; येथे पन्नासाचा आकडा!

अण्णांचा परतावा दिवाळीनंतर आला, तेव्हा ते पेढे घेऊन आले. बरोबर चार टॉवेल होते. "एक्स्पोर्टचे आहेत, सर. काठाला एक दोरा चुकला म्हणून बाजूला काढले."

मी चष्मा लावून पुष्कळ शोधला. तो चुकलेला दोरा मला काही सापडला नाही.