सिंगूर, १९४४ : विधवांनी न सांगितलेली दुखणी

१/७
१९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्याच वर्षी ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थ’ या संस्थेने कलकत्त्याजवळील सिंगूर भागात लोकांच्या प्रकृतीची पाहणी केली.

२/७
विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे, अशी तक्रार केली. विधवांमध्ये हे प्रमाण अवघे २.५ टक्के होते. प्रकृती नुसती ‘यथातथा’ आहे, असे तर एकाही विधवेने म्हटले नाही.

३/७
मग विधवा अधिक निरोगी होत्या का? अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे हेच आकडे मांडले, ते याच्या नेमके उलट सांगण्यासाठी. बंगालमधील अनेक उच्चवर्णीय घरांत विधवेच्या वाट्याला निरामिष, तुटपुंजा आहार आणि कडक उपवास येत. सोसणे हाच जिचा धर्म ठरवला गेला, ती अशक्तपणाला आजार मानीत नसे.

४/७
तर मग माणसाने स्वतःच्या प्रकृतीविषयी दिलेले उत्तर निरर्थक समजावे काय? तसेही नाही. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात १९७१ मध्ये पासष्टी ओलांडलेल्या तीन हजारांहून अधिक वृद्धांना विचारण्यात आले : तुमच्या वयाच्या मानाने प्रकृती कशी आहे?

५/७
या पाहणीवरील मॉसी आणि शपिरो यांचा शोधनिबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकृती उत्तम म्हणणाऱ्यांच्या तुलनेत ती वाईट म्हणणाऱ्यांना पुढील काही वर्षांत मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट होता. वय, उत्पन्न आणि नोंदलेले आजार हिशेबात घेऊनही हा फरक उरला.

६/७
एकाच समाजात हे उत्तर खूप काही सांगते. मात्र समाज बदलला की मोजपट्टीही बदलते. २००२ मध्ये सेन यांनी भारतातील उदाहरण दिले. आयुर्मानात केरळ अग्रेसर, तरी आजार सांगण्यातही तोच पुढे. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि तक्रारीही कमी. साक्षरता आणि दवाखाना जवळ असला की दुखण्याला नाव मिळते, त्यावर उपाय आहे हेही कळते.

७/७
२०१७-१८ पासून ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत पंचेचाळिशी ओलांडलेल्या हजारो भारतीयांना हाच प्रश्न विचारला गेला. ती उत्तरे वाचताना सिंगूरचे २.५ टक्के आठवावेत. घरात कोणाचे दुखणे विचारले जाते आणि कोणाचे गृहीत धरले जाते, हे ठाऊक असल्याशिवाय ‘बरी आहे’ या दोन शब्दांचा अर्थ लागत नाही.