आठ सेकंदांची फीत

पेटीची पट्टी दाबली की भात्यातली हवा पितळी पातीला थरथरवते आणि सूर निघतो. सूर त्या क्षणी जन्मतो. आज ज्या वाद्याविषयी बोलायचे आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. इथे पट्टी दाबली की दुसऱ्याच कुणी, कितीतरी वर्षांपूर्वी वाजवून ठेवलेले व्हायोलिन ऐकू येते. प्रत्येक पट्टीखाली टेपच्या फितीचा एक तुकडा असतो. वाद्याचे नाव मेलोट्रॉन.

कल्पना मूळची अमेरिकेतली, हॅरी चेंबरलिन यांची. त्यांचे यंत्र विकणारा बिल फ्रान्सन १९६२ साली दोन यंत्रे घेऊन इंग्लंडला आला आणि सत्तर एकसारखी टेपहेड्स कोण करून देईल, याचा शोध घेऊ लागला. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडमॅटिक कारखान्याने हे काम घेतले. कारखाना फ्रँक, नॉर्मन आणि लेस या तीन ब्रॅडली बंधूंचा. यंत्र मुळात कुणाचे, हे फ्रान्सनने त्यांना सांगितलेच नव्हते! १९६३ मध्ये पहिला मेलोट्रॉन तयार झाला. चेंबरलिन संतापले, पुढे पैसे देऊन तडजोड झाली. लंडनच्या स्टुडिओत वादक बोलावून एकेक स्वर स्वतंत्र ध्वनिमुद्रित केला गेला. ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेला धास्ती वाटली, की या पेटीमुळे आपल्या पोटावर पाय येणार. ती धास्ती अगदीच अनाठायी होती, असे मला वाटत नाही.

या यंत्राची देखभाल समजायची, तर आधी ते चालते कसे हे पाहावे लागेल. १९७० साली आलेल्या ‘एम ४००’ या मॉडेलमध्ये पस्तीस पट्ट्या आणि पस्तीस फिती. फीत तीन-अष्टमांश इंच रुंद, तिच्यावर तीन वाद्यांचे सूर शेजारी शेजारी. पट्टी दाबली की दोन गोष्टी घडतात. एक छोटी गादी फितीला हेडवर टेकवते आणि एक रबरी चाक तिला सतत फिरणाऱ्या दांड्यावर दाबते. फीत ओढली जाते, सूर येतो. आठेक सेकंदांनी फीत संपते, सूरही संपतो. बोट उचलले की स्प्रिंग तिला मागे खेचते. फितीचे टोकाला टोक जोडून वेटोळे का केले नाही? कारण मग सुराचा आरंभ हरवला असता. बासरीत फुंकर शिरते तो क्षण, गज तारेला भिडतो तो क्षण, हेच तर त्यात जपायचे होते.

बिघाडाच्या जागाही याच. हेडवर फितीची तपकिरी पूड साचते आणि आवाज मंद होतो. ती स्पिरिटने पुसावी लागते, अधूनमधून हेडवरचे चुंबकत्व उतरवावे लागते. दांडा मळला की फीत घसरते. गादी झिजते. प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू असतात, एक गादीच्या दाबासाठी, दुसरा चाकाच्या. म्हणजे सत्तर स्क्रू, आणि एकाचा दाब बरोबर बसला म्हणून शेजारच्याचा बसेल असे नाही. दाब कमी पडला तर स्वर लटपटतो. जास्त झाला तर मोटरवर भार येतो. जुन्या वेगनियंत्रकाच्या यंत्रात तर पाच-सहा पट्ट्या एकदम दाबल्या की मोटर दमायची आणि सगळाच सूर खाली उतरायचा.

इथे मला मिरजेच्या कारागिराची आठवण होते. तंबोऱ्याची जवारी काढताना तो घोडी घासतो, थांबतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मेलोट्रॉनवाल्यालाही कानच वापरावा लागतो. आणि त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न असतो: किती दोष काढायचा? ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या बीटल्सच्या १९६७ च्या गाण्याचा आरंभ या यंत्रातल्या बासरीने होतो. त्या बासरीची किंचित थरथर हीच लोकांना हवी असते. फितीचा वेग अगदी निर्दोष केला, तर गिऱ्हाईक नाराज होऊन परत येईल.

माइक पिंडर यांनी हे वाद्य बीटल्सच्या कानावर घातले. ते आधी बर्मिंगहॅमच्या कारखान्यातच यंत्रे तपासायला होते, मग ‘मूडी ब्लूज’ या संगीतचमूत वाजवू लागले. अमेरिकेतल्या पहिल्या कार्यक्रमात यंत्राची मागची बाजू उघडून फिती बाहेर सांडल्या. पिंडर ओणवे होऊन त्या बसवत होते, तोवर प्रकाशयोजनेवाल्यांनी प्रेक्षकांना कार्टून दाखवली. कारखान्यात घालवलेले दिवस असे कामी आले. पिंडर २०२४ मध्ये वारले.

पुढे विक्री करणारी कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर मेलोट्रॉन हे नावही गेले. ब्रॅडलींचा कारखाना, ज्याचे नाव आता स्ट्रीटली इलेक्ट्रॉनिक्स झाले होते, आपलेच यंत्र ‘नोव्हाट्रॉन’ म्हणून विकू लागला. १९८६ मध्ये तोही बंद पडला. संगणकी वाद्ये आली होती, टेपच्या फितींची झंझट कुणाला हवी? यंत्रे अडगळीत गेली.

ती परत आली, कारण मूळ ध्वनिमुद्रणे कुणी फेकून दिली नव्हती. लेस ब्रॅडली यांचे चिरंजीव जॉन आणि मार्टिन स्मिथ यांनी काही वर्षांनी स्ट्रीटलीचे नाव पुन्हा उभे केले, तेही आधी दुरुस्तीसाठी. मूळ मुद्रणावरून नव्या फिती काढायच्या, गाद्या बदलायच्या, मोटरचा वेग ताळ्यावर आणायचा. २००७ मध्ये त्यांनी ‘एम ४०००’ हे नवे यंत्रही केले. फिती झिजतात, बदलतात. पण लंडनच्या स्टुडिओत त्या दिवशी वाजवून, आपले मानधन घेऊन घरी गेलेल्या वादकांचे सूर तेच आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावे त्या यंत्रावर कुठेही लिहिलेली नाहीत.