बधना, पिंप आणि माती

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण शहापूर तालुक्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी 1892 सालापासून मुंबईला जाते आहे आणि आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या भातसातून जाते. शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पण खाली काळा कातळ आणि जमिनीला उतार, त्यामुळे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. होळी झाली की विहिरींचे तळ दिसू लागतात आणि कित्येक गावे टँकरची वाट पाहू लागतात.

या भागातल्या जुन्या विहिरींची टिपणे गोळा करत हिंडत असताना, एका एप्रिलमध्ये मी माहुलीच्या पायथ्याकडच्या एका गावात कोकणी मुसलमानांच्या घरी उतरलो होतो. दुपारची अजान झाली. घरातले वृद्ध चाचा उठले, ओटीच्या कडेला बसले आणि तोटीचा बधना कलता करून वजू करू लागले. धार करंगळीएवढी. हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत बाहू, डोक्यावरून ओला हात, मग पाय. सांडलेले पाणी केळीच्या आळ्यात गेले. बधना खाली ठेवला तेव्हा त्यात निम्मे पाणी शिल्लक होते. मी विचारले, “चाचा, पाणीच संपलं तर?” त्यांनी अंगणाकडे बोट केले. “पानी हाय तर वजू, नाय तर माती. नमाज थांबत नाय, गुरुजी.”

या एका वाक्याचा माग काढत मी पुढे बरेच वाचले. त्यातून हाती लागले ते असे.

मराठी वाचकाच्या मनात शुद्धी म्हटले की आधी सोवळे उभे राहते. इस्लाममधील ‘तहारत’ ही कल्पना वेगळ्या वाटेने जाते. नमाजाआधी वजू करण्याची आज्ञा कुराणाच्या पाचव्या सूरेतील सहाव्या आयतीत आहे आणि पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीने ‘तयम्मुम’ करण्याची मुभाही त्याच आयतीत आहे. म्हणजे नियम आणि त्याची सवलत एकाच श्वासात सांगितली आहे. शुद्धता हा श्रद्धेचा अर्धा भाग, असे हदीस सांगते. पण ती मोडते कशाने, याचे उत्तर शास्त्रकार मलमूत्र, रक्त, झोप अशा गोष्टींत शोधतात. कोणत्या कुळातल्या माणसाने भांड्याला हात लावला, यावर पाण्याची शुद्धता ठरत नाही. माणसाचे उष्टे पाणीही शास्त्राने शुद्धच मानले आहे. समाजात उच्चनीचता नव्हती असा याचा अर्थ नव्हे. पण 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्या प्रश्नासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याला या ग्रंथांत आधार सापडत नाही.

शास्त्राचा खरा भर आहे तो मापावर. पैगंबर एक ‘मुद’ पाण्यात वजू करत आणि एक ‘सा’, म्हणजे चार मुद, पाण्यात स्नान करत, असे हदीस सांगते. मुद म्हणजे जोडलेल्या दोन तळहातांत मावेल तेवढे माप, आजच्या हिशेबाने साधारण अर्धा ते पाऊण लिटर. वाहत्या नदीकाठी बसूनही पाणी वाया घालवू नये, अशीही एक परंपरा आहे. तिची साखळी दुर्बल मानली जाते, पण उपदेश म्हणून ती घरोघर सांगितली जाते.

आता कोकणाकडे वळू. मुरबाडहून नाणेघाट चढून जुन्नरला गेले की नदीखोरे बदलते, बोली बदलते. आणि मुसलमान समाजापुरते बोलायचे तर धर्मशास्त्राची शाखाही बहुधा बदलते. घाटावर मुख्यतः हनफी, घाटाखाली कोकणी मुसलमान शाफई. याचे कारण समुद्र आहे. देशावर इस्लाम प्रामुख्याने उत्तरेकडच्या राजवटींबरोबर आला, तर कोकणात अरब व्यापाऱ्यांबरोबर. इ.स. 916 च्या सुमारास चौलला आलेल्या अल मसूदीने तिथली मुसलमान वस्ती दहा हजारांच्या घरात असल्याचे नोंदवले आहे. पुढे माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) याच परंपरेतले मोठे पंडित झाले. त्यांची कुराणावरील अरबी टीका प्रसिद्धच आहे. शिवाय शाफई आचारधर्मावरचा एक ग्रंथही त्यांच्या नावावर आहे.

दोन्ही शाखांतला फरक पाण्याजवळ ठळक दिसतो. साठलेले पाणी घाण पडल्याने केव्हा अशुद्ध होते? हनफी शास्त्रकारांनी ढोबळमानाने दहा हात लांब, दहा हात रुंद हौद पुरेसा मोठा मानला. शाफई शास्त्राने ‘कुल्लतैन’, म्हणजे दोन मोठ्या रांजणांचे माप धरले. एवढे पाणी असेल आणि त्याचा रंग, वास, चव बदलली नसेल, तर ते शुद्ध. हे माप आजच्या हिशेबाने सुमारे दोनशे लिटर भरते. हा आकडा वाचला आणि मला चाचांच्या ओटीवरचे निळे पिंप आठवले. टँकरच्या गावात दारोदार दिसणारे ते पिंप दोनशे लिटरचेच असते.

त्याहून कमी पाण्याचा नियम कडक आहे. शाफई मतानुसार वजूत एकदा वापरलेले थोडे पाणी पुन्हा वजूला चालत नाही. भांड्यात हात बुडवून वजू करायचा तर काटेकोर राहावे लागते. तोटीच्या बधन्यात ही अडचणच उरत नाही. वापरायचे पाणी आत राहते, वापरलेले बाहेर पडते. कोकणी घरांतून बधना इतका टिकून राहिला त्यामागे ही सोयही असावी, असे मला वाटते.

मुबलक पाण्याचे चित्र पाहायचे तर मुंबईच्या जामा मशिदीत जावे. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही मशीद कोकणी मुसलमानांच्या आश्रयाने उभी राहिली. बांधकाम 1775 च्या सुमारास सुरू झाले आणि 1802 मध्ये पुरे झाले. ती उभी आहे एका जुन्या तळ्यावर. तळ्यातून काळ्या दगडाच्या कमानी वर येतात आणि त्यांवर मशिदीचा भार आहे. झऱ्यांच्या त्या पाण्याच्या काठावर बसून आजही वजू होतो. शहरातल्या बहुतेक मशिदींना असे तळे नाही. तिथे नळ आहेत, आणि त्या नळांत शहापूरचे पाणी आहे. नळ सोडून वजू केला तर एका मुदाचे काम कितीतरी मुदांवर जाते.

पाणी नसले तर काय, याबाबत शास्त्र आणखी पुढे जाते. तयम्मुमची आयत उतरली तो प्रसंग प्रवासातला होता. हजरत आयेशांचा हार हरवला, तो शोधण्यासाठी काफिला थांबला आणि जवळ पाणी नव्हते. शाफई मताने तयम्मुमला मातीची धूळच लागते. पाणी आहे पण ते माणसाला किंवा जनावराला पिण्यासाठी हवे आहे, तरीही तयम्मुम करावा. आणि पाणी विकत मिळते, पण रास्त भावापेक्षा महाग, तर ते घेण्याची सक्ती नाही. खासगी टँकरच्या दिवसांत हा शेवटचा नियम पुन्हा वाचण्याजोगा आहे.

पुढच्या वर्षी मी त्या घरी पुन्हा गेलो. विहीर आटली होती. चाचांच्या सूनबाई डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन उतारावरच्या डवऱ्याकडून येत होत्या. मी त्यांना मुदाचा हिशेब सांगू लागलो. त्यांनी हंडे उतरवले, पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, “घरात सा मानसं. पाची वख्ताचा वजू म्हंजे दीड हंडा. मंग रांधायचं, प्यायचं, गुरांचं.”

मी वहीत आकडे मांडले. सहा माणसे, पाच वेळा, दर वेळी एक मुद. पंधरा ते बावीस लिटर. म्हणजे पंधरा लिटरच्या हंड्याने एक ते दीड हंडा. ग्रंथ न वाचता त्यांचे माप ग्रंथाशी जुळत होते. ग्रंथकारांनी पाणी मोजले ते भांड्यापासून पुढे. भांड्यात ते कोणी आणून ओतले, याचा हिशेब मला कोणत्याही पानावर दिसला नाही. तो या बाईंच्या मानेवर होता.

असरची वेळ झाली. चाचा बधन्याकडे गेले, आत डोकावले आणि मग अंगणात उतरून त्यांनी दोन्ही तळवे मातीवर टेकले. उरलेले पाणी सूनबाईंनी गाईच्या बादलीत ओतले.